डिफरन्शिअलचं नाक

ट्रकच्या किंवा जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध कलिंगडासारखा जो फुगवटा दिसतो, तो डिफरन्शिअल. त्याच्या जवळच, अ‍ॅक्सलच्या नळीवर वरच्या अंगाला, हरभऱ्याच्या घाट्याएवढी एक धातूची टोपी असते. बहुतेक वेळा चिखलाने माखलेली, कधी कधी रंगाच्या दोन थरांखाली गडप झालेली. गाडी धुणारा तिच्यावर पाण्याचा फवारा मारतो आणि पुढे जातो. तिचं नाव ब्रीदर. गाडी विकत घेताना तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. गाडी पाण्यातून बाहेर काढल्यावर मात्र सगळ्यात आधी तिच्याचबद्दल विचारायला हवं.

सध्या माझी पोस्टिंग लखनौला आहे. जुलै लागला की इथे दोन प्रकारचे प्रश्न सुरू होतात. एक सरकारी: तराईत घाघरा, शारदा, राप्ती चढल्या तर कुठल्या गाड्या पुढे पाठवायच्या. दुसरा खासगी: पुण्या-नाशिकचे मित्र आणि आमच्याकडचे तरुण कॅप्टन फोर-बाय-फोर गाड्या घेतात, कुणी भंडारदऱ्याला तर कुणी स्पितीला निघतो, आणि विचारतात, "सर, ब्रीदर कुठला लावू?" दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी गोष्ट एकच आहे. पण नुसतं पार्टचं नाव सांगून ती समजत नाही. गाडीला हे नाक का आलं, सैन्याने ते एकदा घट्ट बंद करून का पाहिलं आणि मग उंच का नेलं, हे कळलं की निवड सोपी होते. म्हणून हा थोडा इतिहास.

ज्या चाकाला नाकाची गरज नव्हती, तिथून सुरुवात करू. बैलगाडीची आस, तिच्यावर फिरणारं चाक, ते निसटू नये म्हणून खीळ, आणि मध्ये वंगण. तोफेच्या गाड्याचंही तेच. ओढ्यातून गाडी गेली की वंगण धुऊन जायचं, पलीकडे गेल्यावर ते पुन्हा लावायचं. आत कोंडलेली हवा नाही, त्यामुळे आत ओढलं जाणारं पाणीही नाही. गाडीवानाला दोनच गोष्टी पाहाव्या लागत: पाणी किती खोल आणि तळ किती घट्ट.

या दोन गोष्टींचं मोल मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठी फौज कुंजपुऱ्याकडे गेलेली असताना अब्दालीने बागपतजवळ यमुनेला उतार शोधला आणि आपली फौज पश्चिम काठावर आणली. नदी आपली राखण करील हा हिशेब तिथे कोसळला. पुढचं पानिपत सगळ्यांना ठाऊक आहे.

लखनौलाही नदी ओलांडण्याचा असाच एक प्रसंग घडला. मार्च १८५८ मध्ये कॉलिन कॅम्पबेलचा तळ दिलखुशा कोठीपाशी होता. या कोठीचे अवशेष आजही छावणीच्या बाजूला उभे आहेत. शहरावर दोन बाजूंनी मारा करायचा तर तोफा गोमतीच्या पलीकडे न्यायला हव्या होत्या. इंजिनिअरांनी रिकाम्या पिंपांवर तरंगणारे दोन पूल बांधले आणि ६ मार्चला जेम्स औट्रॅमची तुकडी तोफांसह पलीकडे गेली. हा औट्रॅम म्हणजे तोच, ज्याने १८२५ पासून खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली होती. पूल तरला, कारण पिंपं बूच मारून बंद केलेली होती. आत थंड हवा, बाहेर थंड पाणी. बूच घट्ट बसलं की काम झालं.

पिंपाला हा धडा पुरतो. मोटारी आल्यावर तोच धडा अ‍ॅक्सललाही लावून पाहिला गेला आणि तिथे तो अपुरा पडला. कारण पिंप तापत नाही, अ‍ॅक्सल तापतो.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच आसाला जखडली तर एक घसटणारच. ही अडचण सोडवणारी डिफरन्शिअलची दातेरी रचना फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकरने १८२० च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी मांडली. मोटारयुगात ती सर्वत्र आली. पण दात्यांना सतत तेल हवं, आणि तेल सांडू नये म्हणून सगळं एका बंद लोखंडी डब्यात घालावं लागलं. १९२६ मध्ये पॅकार्ड कंपनीने हायपॉइड गिअर वापरात आणले. त्यांत दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, तर घासत सरकतात. अशा दात्यांना जाड, दाब सोसणारं तेल लागतं आणि त्या तेलाची पातळ फिल्म तुटली की दाते एकमेकांना खातात.

डबा बंद झाला तरी चाकाकडे जाणारे शाफ्ट बाहेर यायलाच हवेत. तिथे सील आलं. आधी नमद्याचं आणि चामड्याचं, मग १९३० च्या दशकात कृत्रिम रबराचं. चामड्याचं सील थोडं गळायचं, पण त्या फटीतून थोडी हवाही ये-जा करायची. रबराची कड शाफ्टला घट्ट बिलगली आणि गळती कमी झाली. सील जसं सुधारत गेलं, तशी हवेसाठी वेगळी वाट ठेवण्याची गरज वाढत गेली. ती वाट म्हणजे ब्रीदर.

आता हिशेब करून पाहू, कारण सगळा विषय या एका हिशेबावर उभा आहे. समजा अ‍ॅक्सलच्या आत तेलावर दोन लिटर हवा आहे. भरलेली गाडी तासभर चालली की आतलं तेल आणि हवा सहज ८० अंशांपर्यंत तापतात. वाढलेली हवा ब्रीदरमधून बाहेर जाते. हे झालं बाहेर सोडलेल्या श्वासाचं. आता गाडी २५ अंशांच्या नदीत उतरली. लोखंड थंड पडलं, आतली हवा आकसली. ८० अंशांवरून २५ वर पूर्ण आली तर ती जवळजवळ एक षष्ठांशाने आकसते, म्हणजे दोन लिटरांमागे तीनशे मिलिलिटरच्या आसपास. ही जागा भरायला बाहेरून काहीतरी आत येणारच. ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाणी येतं. टपरीवरचे तीन कप चहा मावतील एवढं पाणी, कुठेही भोक न पडता, सील न फाटता, आत जातं.

मग ब्रीदर बंदच केला तर? तर हवा आकसते पण भरपाई होत नाही, आणि आत पोकळीची ओढ निर्माण होते. या हिशेबात ती ओढ दीड मीटर पाण्याच्या दाबाहूनही थोडी जास्त भरते. गाडी गुडघाभर पाण्यात असली तरी तिच्या सीलला मात्र पुरुषभर पाण्यात बुडाल्यासारखं सोसावं लागतं. शिवाय अ‍ॅक्सलच्या सीलची कड आतलं तेल बाहेर जाऊ नये अशा बेताने बसवलेली असते. बाहेरून आत येणाऱ्या पाण्यासमोर ती तितकीशी तग धरत नाही. प्रत्यक्षात अ‍ॅक्सल दोन मिनिटांत पूर्ण थंड होत नाही, त्यामुळे हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. पण दिशा तीच.

दुसऱ्या महायुद्धात ही गोष्ट सैन्यांना फार मोठ्या प्रमाणावर शिकावी लागली. जुलै १९४३ मध्ये सिसिली, जून १९४४ मध्ये नॉर्मंडी. प्रत्येक ठिकाणी हजारो गाड्या जहाजातून थेट खाऱ्या पाण्यात उतरवायच्या होत्या. त्यासाठी वॉटरप्रूफिंगची एक वेगळी विद्याच तयार झाली. डिस्ट्रिब्यूटर, प्लग, वायरींची टोकं ॲस्बेस्टॉस मिसळलेल्या चिकट ग्रीसने लिंपायची, इंजिनाला हवा घेण्यासाठी उंच नळकांडी लावायची, आणि अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स, इंधनटाकी यांच्या हवेच्या वाटा बुजवायच्या. अक्षरशः पिंपाचं बूच. काही मिनिटांच्या प्रवासासाठी ते चालून जायचं. पण त्या आदेशांचा दुसरा भाग पहिल्याइतकाच कडक होता: किनाऱ्यावर पोहोचताच ठरलेल्या जागी गाडी थांबवा, लिंपण काढा, बुजवलेल्या वाटा मोकळ्या करा, आणि सवड मिळताच तेल तपासा. लिंपण तसंच ठेवून पुढे गेलेली गाडी तापायची, आणि बुजलेल्या अ‍ॅक्सलमध्ये वाढलेला दाब सील ढकलून तेल बाहेर काढायचा. ते तेल जायचं कुठे? शेजारच्याच ब्रेकच्या ड्रममध्ये.

या विद्येचा मराठी मुलुखाशी जवळचा संबंध आहे, आणि तो माझ्या जुन्या शाळेपर्यंत येतो. खडकवासल्याच्या तलावावर युद्धकाळात सैनिकांना जहाजातून किनाऱ्यावर उतरण्याचं शिक्षण दिलं जाई. त्यासाठी उत्तर काठावर जहाजाची एक नकली प्रतिकृती उभारलेली होती, नाव एचएमएस अँगोस्टुरा. युद्धानंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी जागा शोधली गेली, तेव्हा खडकवासल्याच्या बाजूने जी कारणं मांडली गेली, त्यांत तलावाकाठची ही पडून राहिलेली प्रतिकृतीही होती. आम्ही कॅडेट असताना पीकॉक बेमध्ये होड्या वल्हवायचो, तेव्हा याच पाण्याकाठी आपल्या आधीच्या पिढीने समुद्रात उतरण्याचे धडे गिरवले होते, हे आमच्यापैकी फार थोड्यांना माहीत होतं.

त्या तयारीतली भारतीय सैन्याची मोठी परीक्षा युद्ध संपल्यावर झाली. मलायावर उतरण्याची 'झिपर' मोहीम आखलेली होती. जपानने ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागती पत्करली, तरी ९ सप्टेंबरला २५ व्या आणि २३ व्या भारतीय डिव्हिजनच्या तुकड्या मोरिबच्या आसपासच्या किनाऱ्यांवर उतरवण्यात आल्या. समोर शत्रूचा गोळीबार नव्हता. तरीही कितीतरी गाड्या पाण्यात बंद पडल्या आणि रुतल्या, कारण वरून वाळू दिसणाऱ्या किनाऱ्याखाली मऊ चिखल होता. गाडीवानाचा जुना प्रश्न, तळ किती घट्ट, इथे सगळ्या वॉटरप्रूफिंगवर मात करून गेला. लिंपण करताना पाण्यात राहण्याची वेळ मोजून धरलेली असते. गाडी रुतली की तो सगळा हिशेब संपतो आणि पाणी सावकाश आपली वाट शोधतं.

युद्धानंतरच्या रचनाकारांनी यातून घेतलेला बोध साधा होता. दर वेळी बूच मारायचं आणि काढायचं, हे दमलेल्या, घाबरलेल्या ड्रायव्हरवर सोपवू नका. गाडीला श्वास घेऊ द्या, फक्त नाक पाण्याच्या वर ठेवा. १९५० मध्ये आलेल्या अमेरिकेच्या एम-३८ जीपमध्ये विजेची यंत्रणा पाण्यापासून बंदिस्त केलेली होती, आणि इंधनटाकी, डिस्ट्रिब्यूटर व ब्रेकच्या मास्टर सिलिंडरच्या हवेच्या नळ्या वर एअर क्लीनरला जोडलेल्या होत्या. १९८० च्या दशकातल्या हमव्हीमध्ये हीच पद्धत गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि डिफरन्शिअलपर्यंत आली. ती गाडी साधनांशिवाय ७६ सेंटिमीटर आणि खास किट लावून दीड मीटर पाण्यातून जाते. ब्रिटिश लँड रोव्हरच्या जुन्या अ‍ॅक्सलवर बारीक व्हॉल्व्हची टोपी असायची, पुढे तिची जागा वर नेलेल्या नळीने घेतली. म्हणजे वेगवेगळ्या देशांतली माणसं त्याच उत्तराशी आली.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत महिंद्रांनी मुंबईत विलिस जीप जोडायला घेतली. जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची, म्हणजे तोफांचे गाडे बनवण्यासाठीच काढलेली. १९५९ मध्ये तिथून जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या रचनेचा शक्तिमान ट्रक बाहेर पडला. निसान पेट्रोलवर बेतलेल्या जोंगाचं नावही तिथलंच आहे: जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली या शब्दांची आद्याक्षरं. १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी वेगळी झाली. लाकडी आसाला वंगण लावणाऱ्या परंपरेतून सीलबंद अ‍ॅक्सल बनवणारा कारखाना उभा राहिला, तो असा. या गाड्या तपासण्याचं काम करणारी संस्था, व्हीआरडीई, फाळणीच्या वेळी रावळपिंडीजवळच्या चकलालाहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आली. गाडी सैन्यात घेण्याआधी तिला पाण्यातून नेऊन पाहतात, ते याचसाठी. गाडी पलीकडे पोहोचली एवढ्याने परीक्षा संपत नाही. नंतर तेल काढून त्याचा रंग बघावा लागतो.

हा रंग बघण्याचं काम मी स्वतः बरंच केलं आहे. काही वर्षांपूर्वी तराईतल्या एका पुरात आमच्या गाड्या आठवडाभर राबल्या. माणसं, धान्याची पोती, पाण्याचे कॅन, एकदा तर एक बाळंतीण आणि तिची सासू. रस्ता दिसत नव्हता. दोन्ही कडेच्या झाडांच्या मधून अंदाजाने जायचं. त्या आठवड्यात एकही गाडी बंद पडली नाही, सगळ्यांची पाठ थोपटली गेली. मग त्यातला एक ट्रक दुसऱ्या कामावर डोंगराकडे गेला. पुरानंतर साधारण तीन आठवड्यांनी त्याच्या मागच्या अ‍ॅक्सलमधून आवाज येऊ लागला आणि उतारावर मागच्या एका चाकाचा ब्रेक लागेनासा झाला. ड्रायव्हर शहाणा, गाडी खालच्या गिअरमध्ये टाकून त्याने ती डोंगराच्या बाजूला टेकवली. मागे बारा जवान बसलेले होते.

अ‍ॅक्सल उघडला तेव्हा तेल दुधाळ चहाच्या रंगाचं निघालं. बेअरिंगवर गंजाचे ठिपके, सील बाहेर ढकललेलं, ब्रेकचे लायनर तेलाने भिजलेले. ब्रीदरची टोपी मातीने अशी भरली होती की दाभणाने टोकरावी लागली. आमचे साताऱ्याकडचे हवालदार ती टोपी तळहातावर घेऊन म्हणाले, "साहेब, गाडी बुडाली न्हाई, गाडीनं पाणी पिलं." मग सगळा क्रम लक्षात आला. पुरात टोपी पाण्याखाली गेली, गरम अ‍ॅक्सलने गाळ मिसळलेलं पाणी आत ओढलं. पाणी ओसरल्यावर गाळ टोपीत वाळला. नंतर डोंगरात अ‍ॅक्सल तापला, हवेला वाट नाही, दाबाने सील ढकललं आणि तेल ब्रेकमध्ये गेलं. युद्धकाळातल्या आदेशांत बजावलेला अपघात, ऐंशी वर्षांनी, जसाच्या तसा.

त्या दिवसापासून मला या टोपीच्या इतिहासात रस आहे, आणि तो इतिहास इतका कमी का सापडतो तेही कळलं. गाडीच्या कार डायरीत पुराचं काम एका पानावर असतं आणि बेअरिंग गेल्याची नोंद कितीतरी पानं पुढे. दोन्हींच्या मध्ये ड्रायव्हर बदललेला असतो, कधी युनिटही. मोडलेल्या भागापुढे कारण लिहिलं जातं 'फेअर वेअर अँड टेअर', म्हणजे वापराने झालेली नेहमीची झीज. पाणी पाजणारा एक, सोसणारा दुसरा, आणि दोघांची गाठ कधीच पडत नाही. इंजिनात पाणी गेलं तर गाडी तिथेच थांबते, सगळ्यांना दिसतं, म्हणून स्नॉर्केलची चर्चा होते. अ‍ॅक्सलमधलं पाणी गाडीला थांबवत नाही, म्हणून ब्रीदरची होत नाही.

लखनौसारख्या शहरात तर हे आणखी लागू पडतं. गोमती ही पिलीभीतच्या तळ्यातून निघून वाराणसीजवळ गंगेला मिळणारी सपाटीवरची नदी. तिला डोंगरी नद्यांचा जोर नाही. तिचा पूर हळू चढतो, हळू उतरतो. १९६० च्या ऑक्टोबरमधल्या पुराने हे शहर असं बुडवलं की त्यानंतर दोन्ही काठांवर बंधारे घालावे लागले. अशा पुरात गाडी वाहून जात नाही. ती तासन्‌तास मांडीभर पाण्यात उभी राहते, थोडी चालते, पुन्हा उभी राहते. म्हणजे अ‍ॅक्सल तापतो, निवतो, तापतो, निवतो. प्रत्येक फेरीला एक श्वास. कृष्णा-पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरांत सांगली-कोल्हापूरकरांनी जे पाहिलं, तेही याच जातीचं साचलेलं पाणी. अशा गाड्यांचं तेल पाणी ओसरल्याबरोबर बदललं पाहिजे, मग गाडी कितीही छान चालत असो.

आता निवडीकडे येऊ. बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. पहिला, नुसती सैल टोपी. हवा आत-बाहेर दोन्हीकडे जाते, धूळ थोडीफार अडते, पाणी अडत नाही. कोरड्या रस्त्यावर पुरेशी. दुसरा, आत गोळी किंवा स्प्रिंग असलेला एकदिशा व्हॉल्व्ह. वाढलेला दाब बाहेर सोडतो आणि पाणी आत घेत नाही. दुकानदार हाच पुढे करतो, कारण ऐकायला हा सगळ्यात सुरक्षित वाटतो. पण वरचा हिशेब आठवा. हा व्हॉल्व्ह पाण्याबरोबर हवेलाही आत येऊ देत नाही, त्यामुळे थंड पडणाऱ्या अ‍ॅक्सलची सगळी ओढ सीलवर येते. एखादा ओढा पार करण्यापुरता तो ठीक, पाण्यात उभं राहायचं असेल तर नाही. तिसरा प्रकार, टोपी काढून तिथे साधं नॉझल बसवायचं आणि त्याला नळी जोडून ती वर न्यायची. ज्याला खरोखर पाण्यातून जायचं आहे त्याने हा घ्यावा.

नळी किती वर न्यायची? इंजिन जिथून हवा घेतं तेवढ्या उंचीपर्यंत. त्याहून वर नेऊन फायदा नाही, कारण तिथे पाणी पोहोचलं तर अ‍ॅक्सलआधी इंजिन जाईल. त्याहून खाली ठेवली तर कंपनीने सांगितलेली पाण्याची खोली अ‍ॅक्सलपुरती कागदावरच राहील. आणि कंपनीचा आकडा हा संथ पाणी आणि घट्ट तळ धरून असतो, हे मोरिबवरून लक्षात ठेवावं.

नळी सहा ते आठ मिलिमीटर आतल्या मापाची, तेल आणि उष्णता सोसणारी असावी. मत्स्यालयाची पारदर्शक नळी दिसायला छान, पण ती लवकर कडक होऊन तडकते. नॉझलचे आटे मापून घ्यावेत. जवळपास बसणारं नॉझल जोर लावून फिरवलं तर अ‍ॅक्सलचे आटे जातात आणि मग टोपीपेक्षा महागडं काम निघतं. अ‍ॅक्सल वर-खाली हलतो, म्हणून चाक पूर्ण लोंबकळलेलं असताना मापून नळीला थोडी ढील द्यावी. तिला ब्रेकच्या नळीला आवळून बांधू नये, आणि सायलेन्सरपासून दूर ठेवावी. वाटेत कुठेही झोळ नको. झोळात तेलाची वाफ निवून साचते आणि तिथेच बूच तयार होतं. वरचं टोक खाली तोंड करून ठेवावं आणि त्यावर छोटा फिल्टर लावावा. पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल, ट्रान्स्फर केस आणि गिअरबॉक्स या सगळ्यांच्या नळ्या एकत्र करायच्या तर त्या अगदी वर कराव्यात, म्हणजे एकाचं तेल दुसऱ्यात उतरत नाही. मला स्वतःला वेगवेगळ्या नळ्या आवडतात. दोष शोधायला सोपं जातं.

एवढं करूनही ब्रीदर हे विम्यासारखं आहे, ढालीसारखं नाही. सील जुनं असेल तर पाणी तिथून येईलच. म्हणून सैन्यातली जुनी शिस्त खासगी गाडीलाही लावावी. पाण्यात उतरण्याआधी गाडी दहा मिनिटं काठावर थांबवा. तेवढ्यात अ‍ॅक्सल थोडा निवतो, आणि त्याच वेळात एका माणसाने काठी घेऊन उतार तपासावा, खोली आणि तळ दोन्ही. पाणी ओढीचं असेल आणि माणूस उभा राहू शकत नसेल, तर गाडीही जायची नाही. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-चार वेळा दाबून सुकवा. मुक्कामाला गाडी सपाटीवर रात्रभर उभी करा आणि सकाळी, चालवण्याआधी, डिफरन्शिअलचा खालचा प्लग जरा सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं, आधी तेच येतं. तेलाचा रंग चहासारखा झाला असेल तर थांबू नका, सगळं तेल बदला.

आणि दर सर्व्हिसिंगला एक तपासणी, जिला ना हत्यार लागतं ना पैसा. नळी अ‍ॅक्सलकडून सोडवा आणि वरच्या टोकाने फुंका. फुंकर पलीकडे पोहोचली तर नाक मोकळं आहे. साधी टोपी असेल तर ती बोटाने फिरवून, हलवून बघा, रंग बसला असेल तर खरवडून काढा. आमच्या वर्कशॉपमध्ये पुराहून परतलेल्या प्रत्येक गाडीच्या कार डायरीत आता एक ओळ जास्त लिहिली जाते: अमुक तारखेला पाण्यातून गेली, अमुक तारखेला चारही ठिकाणचं तेल पाहिलं, ब्रीदर साफ केला. ती ओळ ज्या ड्रायव्हरच्या उपयोगी पडेल, तो बहुधा आज या युनिटमध्ये नाही. गाडी कधीतरी त्याच्या हाती जाईल, आणि डोंगरउतारावर तो ब्रेक दाबेल.